देश उचलून नेणारी माणसं

दुसरं महायुद्ध कधी सुरू झालं? शाळेत पाठ केलेलं उत्तर तयार असतं: १ सप्टेंबर १९३९, जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला तेव्हा. पेपरात याला पूर्ण गुण मिळतात. पण त्या दिवशी चीनमध्ये कुणाला हे उत्तर सांगितलं असतं, तर तो चक्रावून गेला असता. त्याच्या देशात लढाई पेटून दोन वर्षं उलटली होती!

जुलै १९३७ मध्ये बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर जपानी आणि चिनी सैन्यात चकमक झाली आणि बघता बघता तिचं पूर्ण युद्ध झालं. पोलंडवर पहिला बॉम्ब पडण्याआधीच शांघाय तीन महिने झुंजून पडलं होतं. राजधानी नानजिंगमध्ये जपानी सैन्यानं भीषण कत्तल केली होती. बहुतेक मोठी बंदरं आणि कारखानदारीची शहरं शत्रूच्या ताब्यात गेली होती. तरी चीन शरण आला नाही. पुढची सहा वर्षंही आला नाही.

आता आकडे पाहा. या युद्धात अमेरिकेची साधारण चार लाख माणसं गेली, ब्रिटनची साडेचार लाख. चीनची? दीड ते दोन कोटी, असा अंदाज आहे. आणि सोव्हिएत संघाची सुमारे दोन कोटी सत्तर लाख! हे आकडे एकदा वाचून डोक्यात शिरत नाहीत. पण फॅसिझमविरुद्धच्या युद्धावरचे चित्रपट आठवायला बसा. नॉर्मंडीचा किनारा आठवेल, लंडनवरची विमानं आठवतील. चीन आठवतो का?

मला मात्र मृतांच्या आकड्याइतकंच आणखी एक कोडं छळतं. एवढा मार खाऊन हे दोन देश उभे कसे राहिले? उत्तर ऐकायला सोपं आहे. दोघांकडे भरपूर जमीन होती, वेळ नव्हता. म्हणून जमीन सोडत मागे हटायचं आणि त्या बदल्यात वेळ मिळवायचा. पण मागे हटताना कारखाने शत्रूला देऊन चालणार नव्हतं. मग काय करायचं? कारखानाच उचलायचा!

ऑक्टोबर १९३८. चीनचं वुहान शहर जपान्यांच्या हाती पडलं. यांगत्से नदीकाठी, वुहानच्या वरच्या अंगाला यीचांग नावाचं छोटं बंदर आहे. इथून पुढे नदी उंच कड्यांमधल्या अरुंद दऱ्यांत शिरते, त्यामुळे मोठी जहाजं इथेच थांबतात. त्या शरदात यीचांगच्या काठावर सुमारे नव्वद हजार टन यंत्रं आणि तीस हजार माणसं येऊन अडकली होती. दऱ्यांतून जाऊ शकतील अशी जहाजं होती अवघी दोन डझन. नदीचं पाणी उतरायला उरले होते चाळीस दिवस. नेहमीच्या वेगानं हा माल हलवायचा तर वर्ष लागलं असतं, आणि जपानी सैन्य वर्षभर थांबणार नव्हतं.

ही गाठ सोडवली लू झ्वोफू या माणसानं. मिन्शेंग या नौकानयन कंपनीचा हा संस्थापक. त्याची युक्ती पाहा. प्रत्येक जहाजानं थेट दऱ्यांपलीकडच्या चोंगचिंगपर्यंत जायचंच नाही! उतरवायला फार अवघड अशी अवजड यंत्रं तेवढी शेवटपर्यंत न्यायची. बाकीचा माल दऱ्यांमध्ये मधल्याच एखाद्या टप्प्यावर काठावर टाकायचा आणि जहाज ताबडतोब माघारी फिरवायचं. आधी शत्रूच्या हातून माल वाचू दे, पुढचं पुढे. रात्री दऱ्यांतून जहाज हाकता येत नसे, म्हणून दिवसा प्रवास आणि रात्रभर चढउतार. जोडीला लाकडी नावा होत्या, आणि त्या प्रवाहाविरुद्ध ओढणारी माणसं. खांद्यावर दोर, पायाखाली कड्यातली निसरडी वाट. पाणी उतरलं तेव्हा यीचांगचा काठ जवळजवळ रिकामा झाला होता. पुढची कित्येक वर्षं चिनी सैन्यासाठी देशात बरीच शस्त्रं बनली ती याच वाचवलेल्या यंत्रांवर.

कारखाने हलवले हे एक वेळ समजू शकतं. पण विद्यापीठं? बीजिंगची पेकिंग आणि चिंगह्वा ही विद्यापीठं आणि त्येनजिनचं नानकाई विद्यापीठ, यांना घर सोडावं लागलं. नानकाईवर तर जपान्यांनी बॉम्बच टाकले होते. तिघं आधी चांगशाला एकत्र आली. तिथंही युद्ध पोचलं, तेव्हा थेट नैऋत्येकडच्या कुनमिंगला निघाली. कुणी रेल्वेनं आणि बोटीनं गेलं. पण सुमारे तीनशे विद्यार्थी आणि काही प्राध्यापक चालत निघाले. अंतर सोळाशे किलोमीटर! वाटेत त्यांनी खेडोपाडीची लोकगीतं टिपून घेतली. सोबत चालणारा कवी वेन यीदुओ यानं विजय मिळेपर्यंत दाढी न करण्याचा पण केला.

कुनमिंगला पोचल्यावर वर्ग भरले ते पत्र्याच्या छपराखाली. पाऊस आला की शिक्षकाचा आवाज ऐकू येत नसे. बॉम्बफेकीचा भोंगा वाजला की सगळे टेकड्यांकडे पळत. अशा विद्यापीठातून काय निघणार? १९५७ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल निघालं! यांग चेन-निंग आणि ली त्सुंग-दाओ हे दोघंही त्याच पत्र्याखाली शिकले होते.

मात्र मिळवलेल्या वेळेची किंमत नेहमी यंत्रांत मोजली जात नव्हती. जून १९३८ मध्ये जपानी फौजा वेगानं आत घुसत होत्या. त्यांना अडवायला चिनी सरकारनंच झेंगझोऊजवळ हुआयुआनखोउ इथं पीत नदीचा बांध फोडला. नदीनं आपला मार्ग बदलला आणि तीन प्रांतांतली हजारो गावं पाण्याखाली गेली. शेतकऱ्यांना धड सूचनाही दिलेली नव्हती. पुरात आणि नंतरच्या उपासमारीत चार ते नऊ लाख माणसं मेली, असे अंदाज आहेत. सरकारनं दोष जपानी बॉम्बवर ढकलला. या पुरामुळे जपानी सैन्य नेमकं किती रखडलं, यावर इतिहासकारांची भांडणं आजही चालू आहेत. त्याग म्हणताना आपण गृहीत धरतो की देणाऱ्यानं तो स्वखुशीनं दिला. इथं कुणी विचारलंच नव्हतं. नदी जुन्या पात्रात परतली ती १९४७ मध्ये.

किनारा गेला, बंदरं गेली. मग बाहेरून शस्त्रं आणायची कुठून? पाठीमागच्या दारानं. कुनमिंगहून ब्रह्मदेशातल्या लाशियोपर्यंत साडेअकराशे किलोमीटरचा रस्ता काढायचं ठरलं. मधे उभ्या डोंगररांगा आणि सालवीन, मेकाँगसारख्या नद्यांची खोल खोरी. यंत्रं नव्हतीच. तरुण पुरुष सैन्यात गेलेले. तेव्हा युन्नानच्या खेड्यांतून सुमारे दोन लाख माणसं आली. त्यांत बायका, म्हातारे आणि मुलंही होती. पहारीनं कडे फोडले, टोपल्यांनी माती वाहिली, माणसांपेक्षा उंच दगडी रूळ दोरांनी ओढून रस्ता दाबला. हजारो जण दरडींखाली, स्फोटांत आणि मलेरियानं गेले. पण १९३८ सरता सरता त्या रस्त्यावर ट्रक धावू लागले! आणि १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटननं, जपानच्या दबावाला घाबरून, हाच रस्ता तीन महिने बंद ठेवला.

त्याच १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईच्या बंदरातून पाच भारतीय डॉक्टर चीनला निघाले. चिनी सेनानी झू दे यांनी नेहरूंकडे मदत मागितली होती आणि काँग्रेसनं वैद्यकीय पथक पाठवलं होतं. पाचांत दोघं आपल्याकडचे: नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, उत्तर चीनच्या डोंगरांत फिरत्या लष्कराबरोबर राहून शस्त्रक्रिया केल्या, कॅनडाहून चीनला आलेल्या डॉ. बेथून यांच्या नावानं चाललेल्या रुग्णालयाची सूत्रं सांभाळली. १९४० च्या मोठ्या मोहिमेत तर त्यांनी सलग तीन दिवस-रात्र जखमींवर उपचार केले. तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर १९४६ मध्ये चित्रपट काढला आणि स्वतः कोटणीसांची भूमिका केली. म्हणून आपल्याकडे नाव तरी ऐकून माहीत असतं. ते ज्या युद्धात गेले ते युद्ध मात्र आपण विसरलो.

आता नकाशा थोडा लांबून पाहू, कारण खरी गंमत इथे आहे. चीनचं आणि रशियाचं ही दोन वेगळी युद्धं नव्हती. १९३७ ते १९४१ या काळात चीनला परदेशातून सर्वाधिक शस्त्रं मिळाली ती सोव्हिएत संघाकडून. शेकडो विमानं आली, सोबत वैमानिकही आले. त्यांतले दोनशेहून अधिक चीनच्या आकाशात मेले. वुहानमध्ये त्यांचं स्मारक आहे. यात स्टालिनचा हिशोब होताच: जपान चीनमध्ये गुंतून राहिला, तर आपल्या सीमेवर येणार नाही.

तरी जपान एकदा आलाच. १९३९ च्या उन्हाळ्यात मंगोलियाच्या सीमेवर, खाल्खिन गोल नदीकाठी. तिथं झुकॉव्ह नावाच्या फारशा परिचित नसलेल्या सेनापतीनं जपानी फौजेला घेरून तिचा चक्काचूर केला. दोन वर्षांनी हिटलरनं रशियावर हल्ला केला आणि जपानपुढे प्रश्न उभा राहिला: उत्तरेला रशियावर चाल करायची की दक्षिणेला वळायचं? खाल्खिन गोलची आठवण ताजी होती. तेलाची चणचण होती, आणि तेल दक्षिणेत होतं. शिवाय लाखो सैनिक चीनमध्ये रुतून बसलेले. जपाननं दक्षिण निवडली. टोकियोतला सोव्हिएत हेर रिचर्ड झोर्गे यानं ही बातमी मॉस्कोला कळवली. सायबेरियातल्या आणि अतिपूर्वेतल्या ताज्या तुकड्या आगगाडीत बसून पश्चिमेला गेल्या. ५ डिसेंबर १९४१ ला मॉस्कोसमोर सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी जपाननं पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले! एका लढाईनं जर्मनीची घोडदौड थांबली, दुसरीनं अमेरिका युद्धात आली. दोन्ही घटनांमागे चीनमध्ये अडकलेलं जपानी सैन्य होतं.

मॉस्को वाचलं, पण लढायचं कशानं? देशाची निम्मी पोलादनिर्मिती जर्मनांनी व्यापलेल्या पश्चिम भागात होती. मग रशियानंही तेच केलं जे यीचांगला झालं होतं, फक्त नदीऐवजी रुळांवरून. हल्ला झाला २२ जून १९४१ ला. दोनच दिवसांत स्थलांतरासाठी मंडळ नेमलं गेलं. सैनिकांना घेऊन पश्चिमेला गेलेल्या गाड्या परतताना यंत्रं घेऊन येऊ लागल्या. त्या वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत १,५२३ कारखाने सुटे करून उरल पर्वताकडे, सायबेरियात, कझाकस्तानात, उझबेकिस्तानात नेले गेले. त्यासाठी लागले पंधरा लाख डबे!

खारकॉव्हचा रणगाड्यांचा कारखाना निझ्नी तगीलला गेला, एका रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात. शेवटची गाडी खारकॉव्हहून ऑक्टोबरात सुटली आणि डिसेंबरात तिथून पहिले पंचवीस रणगाडे बाहेर पडले. अनेक ठिकाणी छप्पर चढण्याआधीच यंत्रं चालू झाली होती. यंत्रांवर उभ्या होत्या बायका आणि चौदा-पंधरा वर्षांची पोरं. १९४२ मध्ये सोव्हिएत संघानं जर्मनीच्या दुपटीहून अधिक रणगाडे बनवले. अमेरिकेहून आलेल्या ट्रकांची, अन्नाची मोठी मदत झाली हे खरंच आहे, पण त्यातला बराचसा ओघ १९४३ पासूनचा. सर्वांत काळोखा काळ या उचलून नेलेल्या कारखान्यांनी तारून नेला.

जे शहर उचलून नेता येत नव्हतं, त्याचं काय? लेनिनग्राडला ८७२ दिवस वेढा पडला. पहिल्या हिवाळ्यात मुलांना आणि कारखान्यात काम नसणाऱ्यांना दिवसाला मिळे १२५ ग्रॅम पाव, तोही भेसळीचा. आत येण्याची एकच वाट उरली होती: गोठलेलं लाडोगा सरोवर. २२ नोव्हेंबर १९४१ ला पहिले ट्रक त्या बर्फावरून गेले. आणि लवकरच एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. भरलेला ट्रक सुखरूप पार होई आणि हलका ट्रक बर्फ फोडून बुडे. असं कसं?

भुकेनं खंगलेले भौतिकशास्त्रज्ञ हे कोडं सोडवायला थेट बर्फावर गेले. नाउम रेइनोव्ह यांनी बर्फ किती दबतो हे आपोआप नोंदवणारं उपकरण तयार केलं. त्यातून कळलं ते असं. ट्रक पुढे जातो तसा बर्फ किंचित खाली वाकतो आणि खालच्या पाण्यात एक लाट उठते. ट्रकचा वेग आणि लाटेचा वेग जुळला, की लाट मागे पडत नाही, वाढतच जाते. झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का देत राहिलं की झोका चढत जातो ना, तसंच. धोक्याचा वेग निघाला ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे ट्रक बुडवत होता तो त्याच्या वजनाइतकाच त्याचा वेग! त्यावरून नियम झाले: कोणत्या वेगानं हाकायचं, दोन गाड्यांत किती अंतर ठेवायचं. त्या एका हिवाळ्यात बर्फावरून साडेतीन लाख टनांहून जास्त माल आत आला आणि पाच लाखांहून जास्त माणसं बाहेर पडली. तरीही वेढ्यात आठ ते दहा लाख नागरिक मेले.

त्या मेलेल्यांत काही जण असे होते, ज्यांच्याभोवती धान्याची पोती होती. निकोलाय वाविलोव यांनी जगभर फिरून गोळा केलेल्या बियाण्यांचा संग्रह लेनिनग्राडमध्ये होता: गहू, तांदूळ, भुईमूग, बटाटा, लाखो नमुने. संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तो उंदरांपासून, थंडीपासून आणि स्वतःच्या भुकेपासून राखला. तांदळाचे अभ्यासक इवानोव्ह तांदळाच्या हजारो पुड्यांच्या संगतीत उपाशी मेले. भुईमुगाचे अभ्यासक श्चुकिन कामाच्या टेबलापाशीच गेले. आणि खुद्द वाविलोव? त्यांना स्टालिननं आधीच तुरुंगात टाकलं होतं. जानेवारी १९४३ मध्ये ते सारातोवच्या तुरुंगात मरण पावले, तेही उपासमारीनं खंगून. संग्रह मात्र जगला. युद्धानंतर त्या बियाण्यांतून नवे वाण निघाले आणि लोकांच्या पोटात गेले.

जर्मन लष्कराचे जे सैनिक या युद्धात मेले, त्यांतले साधारण तीन-चतुर्थांश पूर्व आघाडीवर मेले. जून १९४४ मध्ये दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीला उतरलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर सोळाच दिवसांनी बेलारूसमध्ये सोव्हिएत फौजांनी 'बाग्रातिओन' ही मोहीम सुरू केली आणि जर्मनांचा संपूर्ण मध्य सेनागट मोडून काढला. पुढच्याच महिन्यात पन्नास हजारांहून जास्त जर्मन युद्धकैद्यांची मॉस्कोच्या रस्त्यांवरून धिंड निघाली. या मोहिमेचं नाव किती जणांनी ऐकलंय?

मग हे सगळं विसरलं कसं गेलं? शीतयुद्ध आडवं आलं. पश्चिमेला कालच्या मित्राचं कौतुक नकोसं झालं. १९३९ मध्ये स्टालिननं हिटलरशी करार करून पोलंड वाटून घेतला होता, तो डागही होताच. चीनमध्ये लगेच यादवी पेटली. त्यात जिंकलेल्या कम्युनिस्टांना हरलेल्या राष्ट्रवादी सैन्याचे पराक्रम सांगायचे नव्हते, आणि जपानविरुद्धच्या बहुतेक मोठ्या समोरासमोरच्या लढाया त्याच सैन्यानं लढल्या होत्या. 'रशियन त्याग' या शब्दांखाली तर युक्रेनी, बेलारूशी, ज्यू, कझाक, उझबेक असे सगळेच झाकले गेले. एकट्या बेलारूसमध्ये दर चारांमागे किमान एक माणूस गेला.

आणि सर्वांत थक्क करणारी गोष्ट म्हणजे, सोव्हिएत मृतांचा आकडा लपवण्याचं काम त्यांच्याच सरकारनं केलं! १९४६ मध्ये स्टालिननं जगाला सांगितलं, आमचे सत्तर लाख गेले. ख्रुश्चेव्हच्या काळात आकडा दोन कोटींवर गेला. १९९० मध्ये अधिकृतपणे दोन कोटी सहासष्ट लाख झाला. म्हणजे जवळजवळ दोन कोटी मेलेली माणसं आधी हिशोबातच नव्हती, आणि त्यांतली सहासष्ट लाख तर १९९० पर्यंत.

हा हिशोब अजून पुरा झालेला नाही. रशियात दर वसंतात स्वयंसेवक जुन्या रणभूमीवर फावडी घेऊन जातात आणि आजही सैनिकांचे सांगाडे काढतात. कधी सोबत एक छोटी काळी नळी सापडते. तिच्यात सैनिकानं नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी ठेवायची असे. पण चिठ्ठी भरली की मरण येतं, असा समज पसरल्यानं अनेकांनी ती कोरीच ठेवली, आणि १९४२ च्या अखेरीस लष्करानं ती नळीच बंद केली. त्यामुळे बहुतेकांची नावं आता कळणार नाहीत. ज्यांची कळतात, त्यांच्या घरी ऐंशी वर्षांनी निरोप जातो आणि बेपत्तांच्या यादीतलं एक नाव कमी होतं. दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास लिहून झाला, असं कुणी म्हणालं, तर त्याला एवढंच सांगावं की अजून मोजणी चालू आहे.